उशीवरची नोट

आत्यानं आयुष्यातली पहिली चोरी केली ती एकाहत्तराव्या वर्षी, परमुलखात, सख्ख्या भाच्याच्या उशीवरून. तीही एकदा नव्हे, लागोपाठ तीन दिवस.

भाचा आणि त्याची बायको तिला फिरायला घेऊन आले होते. "आत्या, आता तरी चल, गुडघे चालतायत तोवर," असं भाचा दोन वर्षं म्हणत होता, आणि शेवटी गुडघ्यांनीच होकार दिला. हॉटेलची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. भिंतीशी त्या दोघांचा रुंद पलंग, खिडकीशी आत्याचा एकेरी. खाली दगडी फरशांचा रस्ता, समोर पावाचं दुकान, आणि सकाळी सातलाच कुत्री फिरवायला निघालेली माणसं. आत्या खिडकीत बसून कुत्री बघायची. "माणसं घरीही पुष्कळ आहेत," म्हणायची.

सूनबाईचं काम चोख. कुणाला वर किती बक्षिशी द्यायची याची यादी तिनं निघायच्या आधीच फोनमध्ये करून ठेवली होती. टॅक्सीवाल्याकडून सुटे परत मागायचे नाहीत. बाहेर जेवलं की बिलाचा दहावा हिस्सा. सामान उचलणाऱ्याला नगामागे एक नाणं. आणि खोली आवरणाऱ्या बाईला रोज एक नोट, उशीवर ठेवून जायची.

"उशीवर?" आत्यानं विचारलं होतं. "उशीवर का म्हणून?"

"तशी पद्धतच आहे तिकडे. उशीवर ठेवलं की तिला कळतं, हे आपल्यासाठी आहे. टेबलावर ठेवलं तर वाटेल, विसरून राहिलंय. मग ती हात लावत नाही."

"आणि हातात दिलं तर?"

"आत्या, ती येते तेव्हा आपण बाहेर भटकत असणार. कुठे शोधत बसायचं तिला?"

पण तिच्या डोळ्यांसमोर उशी आली नाही, स्टीलचा ट्रे आला.

तेहतीस वर्षं ती एका प्रसूतिगृहात आया होती. बाळाला पुसायचं, गुंडाळायचं आणि बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांच्या हातात द्यायचं, हे तिचं काम. मुलगा असो की मुलगी, ती दारात एकाच थाटात उभी राहायची. लोक खुशीनं काही द्यायचे. कुणी नाणं, कुणी नोट, कुणी नुसतंच "आयाबाई, सुखी राहा." तेही चालायचं. पण एकदा एक बडे गृहस्थ आले, त्यांना नातू झाला होता. त्यांनी खिशातून करकरीत नोट काढली, आत्याच्या पुढे आलेल्या हाताकडे पाहिलं, आणि नोट ट्रॉलीवरच्या ट्रेमध्ये टाकली. त्या ट्रेमध्ये वापरलेला कापूस पडला होता. "उचल तिथून," म्हणाले.

आत्यानं उचलली नाही. घरी धाकट्या भावाची परीक्षेची फी भरायची होती, म्हणजे याच भाच्याच्या वडलांची. तरी उचलली नाही. दुपारपर्यंत नोट तिथे होती, मग नव्हती. कुणी घेतली ते तिनं विचारलंही नाही. फक्त मनाशी गाठ मारली की आपल्यावर कधी द्यायची वेळ आली, तर कुणाला असं टाकून द्यायचं नाही. हातात द्यायचं, तोंडाकडे बघून.

म्हणून पहिल्या सकाळी भाच्यानं उशीवर नोट ठेवली, ती दोघं लिफ्टकडे गेली, आणि बूट घालायला वेळ लागतो म्हणून मागे राहिलेल्या आत्यानं ती उचलून बटव्यात टाकली. संध्याकाळी बाई भेटली की हातात देऊ, इतका सरळ हिशेब.

संध्याकाळी कसली बाई आणि कसलं काय! खोली लख्ख, बाईचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

भेटी होत होत्या, पण चादरीवर.

उठल्यावर पलंग तसाच टाकून जाणं आत्याला जन्मात जमलेलं नव्हतं. प्रसूतिगृहात मेट्रननं तिला चादर घालायला शिकवलं होतं. कोपरा आधी वर उचलून धरायचा, लोंबणारं टोक गादीखाली सारायचं, मग वरचा पदर तिरका खाली आणून घट्ट दाबायचा. पाकिटाच्या पाठीवर असते तशी तिरपी कड दिसली पाहिजे. मेट्रन त्यात बोट घालून बघायची. बोट आत गेलं की सगळं पहिल्यापासून. आत्यानं परदेशातल्या पहिल्या सकाळीही तश्शीच चादर घातली.

संध्याकाळी येऊन बघते, तर तिच्या पलंगावर नवी चादर. रुंद पलंगाचे कोपरे हॉटेलच्या रीतीनं नुसते कोंबलेले, पण आत्याच्या पायथ्याशी तिरपी कड! कुणीतरी जुनी चादर काढण्याआधी तिचा कोपरा निरखून पाहिला होता आणि तसाच घालायचा प्रयत्न केला होता. फक्त वरचा पदर उलट्या बाजूनं आणल्यामुळे कडेला झोळ आला होता.

आत्या वाकून बघत हसली.

"काय झालं हो?" सूनबाईनं विचारलं.

"काही नाही. शिकाऊ आहे."

"कोण?"

"आहे एक."

दुसऱ्या सकाळी आत्यानं तीन कोपरे पुरे केले आणि चौथ्याचा पदर गादीवर उचलून तसाच ठेवला.

"आत्या, एवढाच का राहिला?" भाचा म्हणाला.

"राहिला नाही, ठेवलाय. धडा आहे तो."

भाच्यानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं छताकडे. पण संध्याकाळी आत्याच्या पलंगाचे चारही कोपरे असे जमले होते की मेट्रननं पाठ थोपटली असती. आणि तिसऱ्या दिवशी तर रुंद पलंगालाही, पांघरायच्या चादरीसकट, तीच तिरपी कड आली. भाचा दुपारभर चालून दमलेला, आडवा व्हायला गेला आणि अडकला.

"अगं, पाय कुठे घालू? हे काय शिवून ठेवलंय का कुणी?"

"याला म्हणतात चादर घालणं," आत्या म्हणाली. तिची छाती नुसती फुलली होती. मनात तिनं त्या पोरीचं चित्रही रंगवलं होतं. वीस-बावीस वर्षांची, नोकरीला नवी, हात चपळ आणि डोळा त्याहून चपळ.

त्याच संध्याकाळी चोरी पकडली गेली. सूनबाईचं डोकं चढलं होतं, गोळी शोधायला तिनं आत्याचा बटवा उघडला, तर आत तीन नोटा.

"आत्या, या तर उशीवरच्या!"

आत्यानं जीभ चावली.

"तू उचलतेस?" भाचा उठून बसला. "अगं, मागितल्या असत्यास तर दिल्या नसत्या का मी?"

"मेल्या, मला कशाला हव्यात तुझ्या नोटा! त्या पोरीला हातात द्यायच्या होत्या."

"तीन दिवस?" सूनबाई डोकेदुखी विसरली. "आत्या, इथे या बायकांचा पगार बेताचा असतो हो. वरच्या पैशांवर घर चालवतात कितीतरी जणी. तीन दिवस ती येतेय, आपले केस वेचतेय, टॉवेल बदलतेय, आणि उशीवर काही नाही. काय म्हणत असेल आपल्याला!"

ट्रेमध्ये टाकलेली नोट तिला जन्मभर सलत होती. आपण तर तेवढंही टाकलं नाही. आणि तरी ती पोर मुकाट्यानं कोपरे दुमडत राहिली.

"असू द्या," तिचा चेहरा बघून सूनबाई निवळली. "उद्या निघताना चारही दिवसांचे एकदम ठेवू उशीवर."

"नाही. मी देणार. हातात. उद्या मी खोलीतच थांबते, तुम्ही जाऊन या कुठे जायचं ते."

"अहो, पण बाराला विमानतळाची गाडी आहे."

"बाराला आहे ना? बाई त्याआधी येईल."

"सोड," भाचा बायकोला म्हणाला. "बाबा सांगायचे, आत्याला समजावण्यापेक्षा भिंतीला समजवा. भिंत निदान उलट बोलत नाही."

सकाळी ती दोघं शेवटची खरेदी करायला गेली. आत्या बॅग भरून, बूट पायाशी ठेवून खुर्चीत बसली. मुठीत पाच नोटा होत्या. चार भाच्याच्या, एक तिच्या पेन्शनीतून बदलून घेतलेली. साडेदहाला दारावर टकटक झाली.

दारात उभी असलेली बाई साठीला टेकलेली होती. पांढरे आखूड केस, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा, डाव्या गुडघ्याला पट्टा. शिकाऊ कसली, आत्याहून दहा-बारा वर्षांनीच काय ती लहान. आत माणूस आहे बघून तिनं मान तुकवली, काहीतरी पुटपुटली आणि ट्रॉली ढकलत निघालीसुद्धा.

"अगं, थांब! थांब!" आत्या नुसत्या मोज्यांवर बाहेर धावली. लांबलचक कॉरिडॉर, पायाखाली गालिचा, आणि पलीकडच्या टोकाला काळ्या कोटातला एक माणूस हातातल्या कागदावर खुणा करत खोल्या तपासत उभा. आत्यानं बाईला गाठलं, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि नोटा पुढे केल्या.

बाईचे दोन्ही हात पाठीमागे गेले. तिनं मान हलवली.

आत्याला वाटलं, संकोच असेल. तिनं हात आणखी पुढे केला. बाई एक पाऊल मागे सरली. चेहरा दगडासारखा. काळ्या कोटातला माणूस कागदावरून मान वर करून इकडेच बघत होता.

आत्याचा हात हवेतच राहिला. असाच पुढे आलेला आणि कुणीच न धरलेला हात तिनं एकदा पाहिला होता. तो तिचाच होता.

काळा कोट एका खोलीत शिरला. तशी बाईनं झटकन बोट वर केलं. छताला काळ्या काचेचा एक गोल डोळा बसवलेला होता. मग तिनं छातीवरची नावाची पट्टी चिमटीत धरली आणि काढून दुसऱ्याच्या हातात दिल्यासारखं केलं. दोन्ही तळवे गालाशी नेऊन मान कलती केली आणि खोलीकडे खूण केली.

उशी.

हातात घेतलं तर नोकरी जाते. उशीवरचं घेतलं तर ते आपलं. कळायला भाषा लागलीच नाही, कारण हे आत्याला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. त्या ट्रेच्या प्रसंगानंतर वर्षभरातच प्रसूतिगृहात पाटी लागली होती, कर्मचाऱ्यांना पैसे देऊ नयेत, घेताना दिसल्यास कामावरून कमी करण्यात येईल. चार दिवस सगळ्या आया चेहरे पाडून फिरल्या. पाचव्या दिवशी नुकत्या जन्मलेल्या एका मुलीची आजी नातीला आत्याच्या हाती परत देताना म्हणाली, "आयाबाई, दुपटं बदलताना जरा सांभाळून हं. आत आमच्या बाळानं तुमच्यासाठी काहीतरी आणलंय." आणि डोळे मिचकावून हसली. दुपट्याच्या घडीत नोट होती. पुढे कितीतरी वर्षं खुशी दुपट्यातूनच आली. भावाच्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष त्या दुपट्यांतूनच पार पडलं. त्यातलं काहीच कुणी हातात दिलं नव्हतं, आणि त्यातलं काहीच कधी सललं नव्हतं.

इतकी वर्षं हे कसं आठवलं नाही? ट्रे तेवढा लखलखीत ध्यानात राहिला, आणि दुपटी मात्र कुठल्या कपाटात घडी होऊन पडली होती देव जाणे.

आत्यानं दार सताड उघडलं. "ये," ती म्हणाली. "ये, आत ये."

बाई क्षणभर थांबली. मग तिनं ट्रॉली दारातच आडवी लावली, दार उघडं राहील अशी, आणि आत आली. आत्यानं रुंद पलंगाची चादर ओढून काढली. बाईनं हातानंच "तुम्ही बसा" केलं, पण आत्या कसली बसते! धुतलेली चादर हवेत उडाली तशी तिनं पलीकडची टोकं अचूक झेलली. दोघी दोन बाजूंना. ताणली, सोडली, पुन्हा ताणली. उचललेला पदर, गादीखाली सारलेलं टोक, तिरपी घडी. दोघींचे गुडघे वाकताना एकदमच कुरकुरले आणि दोघी एकदमच "आई गं" म्हणाल्या, आपापल्या भाषेत.

चारही कोपरे झाले. बाई पलंगाला वळसा घालून आत्याच्या बाजूला आली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आत्याच्या घडीत बोट घालून बघितलं. बोट आत गेलं नाही. तिनं गंभीर चेहऱ्यानं मान डोलावली.

"वा गं वा! माझी परीक्षा घेतेस?" म्हणत आत्यानं तिचे दोन्ही कोपरे तपासले. तिथेही बोट गेलं नाही. मग मात्र दोघींना हसू आवरेना.

आत्यानं उशी थोपटून जागेवर ठेवली. मुठीतल्या नोटा हातानं सारख्या केल्या आणि उशीच्या मधोमध ठेवल्या, सावकाश, बाईच्या तोंडाकडे बघत. बाईही तिच्याकडेच बघत होती. तिनं नोटा उचलल्या, न मोजता एप्रनच्या खिशात सरकवल्या आणि हलक्या आवाजात काहीतरी म्हणाली.

"असू दे गं," आत्या म्हणाली. "तीन दिवस उशीर झाला, रागावू नकोस."

बाईनं उशीवर राहिलेली सुरकुती तळव्यानं साफ केली, जाता जाता आत्याच्या दंडाला हात लावला आणि ट्रॉली घेऊन पुढच्या खोलीकडे गेली.

गाडीत सूनबाईला राहवेना. "दिलेत का मग हातात?"

"नाही. उशीवर ठेवले."

"बघा! म्हणजे शेवटी माझंच खरं."

"तुझंच खरं, बाई," आत्या म्हणाली आणि खिडकीबाहेर कुत्री बघायला लागली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "पण ठेवताना मी तिथे होते."