ज्याचा त्याचा डोसा

सोयाबीन घरात आलं, दिवाळीचे पाहुणे परत गेले, की आमच्या घरी एक दिवस डोशाचा असतो. त्या दिवशी आई, बाबा, माझा धाकटा भाऊ हरीओम आणि मी आमच्या गावाहून, धनजहून, एसटीने कारंजाला जातो आणि तिथून ऑटोने नक्षत्र पार्कला. पार्कात पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, सिमेंटचा डायनासोर आहे, तळ्यात बदकाच्या आकाराच्या होड्या आहेत. आईला यातलं काहीच नको असतं. तिला पार्कातल्या ‘हिमशिखर’ हॉटेलातला मसाला डोसा हवा असतो.

हे सुरू झालं मी सातवीत असताना. शाळेची सहल तिथे गेली होती आणि मुलींसोबत काही आया याव्यात असं बाईंनी सांगितलं होतं. माझी आई, सोजरबाई, लग्नाला नेसायचं हिरवं लुगडं नेसून आली. हिमशिखरमध्ये भिंतींवर बर्फाचे डोंगर रंगवले होते, दारात माणसाएवढा पेंग्विन उभा होता, आणि आत एसी. आई खुर्चीवर बसली, तिच्यापुढे ताटलीबाहेर दोन्हीकडे आलेला डोसा आला, आणि तिने चटणीकडे न बघता आधी त्याचं कुरकुरीत टोक मोडून तोंडात टाकलं. घरी आल्यावर बाबांना सांगत होती, “आख्खा एकटीले देतात. एकटीले!”

मला वाटलं, ती आकाराबद्दल बोलते आहे.

पुढे मी अमरावतीला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि डोशाचं पीठ हा माझा विषयच झाला. सुट्टीत घरी आले की मी तांदूळ-उडीद मोजून भिजत घालायची, थंडीत पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवायची, कॉलेजातून आणलेल्या पट्टीने पिठाची आम्लता बघायची. डोसे चांगले व्हायचे. जाळीदार, कडेने लालसर. पहिला बाबांना, दुसरा हरीओमला, तिसरा मला, आणि तोवर आईने माझ्या हातातलं उलथणं काढून घेतलेलं असायचं. शेवटी उरलेल्या पिठाचा एक जाडसर डोसा ती तव्यापाशीच खायची.

“चांगला झाला,” ती म्हणायची. “पण तिथल्यावानी नाही.”

मी तांदूळ बदलला, तवा बदलला, तेल बदललं. तिचं उत्तर तेच.

यंदा दिवाळीनंतर आम्ही निघालो तेव्हा आईने सकाळपासून फक्त चहा घेतला होता. मी पोहे पुढे केले तर म्हणाली, “जागा ठेवून राह्यली. तुले काय कराचं?” बसमध्ये तिने दोनदा विचारलं की हॉटेल दुपारी किती वाजता उघडतं. पार्कात पोचल्यावर हरीओम घसरगुंड्यांकडे पळाला. तो आयटीआयला आहे, पण पाणी दिसलं की दुसरीतला होतो. बाबा डायनासोरच्या सावलीत आडवे झाले. आई बाकावर पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली होती, बोलावणं येण्याची वाट बघत असल्यासारखी. महिनाभर विळ्याने सोयाबीन सोंगून तिच्या बोटांना बारीक चिरा पडल्या होत्या. त्यांना तिने सकाळी खोबरेल लावलं होतं, आणि ती अधूनमधून हात उलटेसुलटे करून बघत होती.

जेवणाची वेळ झाली तसे आम्ही हॉटेलाकडे गेलो. वळणावरच हरीओम थांबला.

“आई, पेंग्विननं फेटा बांधला!”

पेंग्विन सिमेंटमध्ये पक्का बसवलेला होता. तो निघाला नसावा, म्हणून त्याला भगवा फेटा बांधून दारात तसाच ठेवला होता. भिंतींवरचे बर्फाचे डोंगर गेरूने झाकले होते. वर नवी पाटी होती: ‘गावरान चूल’. खुर्च्या-टेबलं गेली होती. त्यांच्या जागी सतरंज्या आणि पाटासारखे बुटके चौरंग. एका बाजूला मातीच्या चुली पेटल्या होत्या आणि तिथे एक बाई भाकरी थापत होती.

आई पाटीकडे बघत राहिली. मग तिने आत बघितलं, मग पुन्हा पाटीकडे.

आतून फेटा बांधलेला वाढपी आला. तो राजपाल, दर वर्षी आम्हाला डोसा आणून देणारा. त्याने आईला ओळखलं आणि त्याचा चेहरा पडला.

“मावशी, डोसा बंद झाला वो.”

“बंद म्हंजे? आजच्यापुरता?”

“कायमचा. डोसेवाले अण्णा गेले नागपूरले. मालकानं पुण्याचा एक जण आणला होता, तो म्हणे शहरातल्या लोकायले झुणका-भाकरच पाह्यजे. त्याच्यासाठी लोक लांबून लांबून येतात म्हणे.”

“आन आमी कुठून आलो?” आईने विचारलं.

 राजपालने फेटा सारखा केला.

“काय काय हाय मंग?” बाबा म्हणाले.

“झुणका, ठेचा, भरीत, ज्वारीची भाकर, कांदा.”

हरीओम हसायला लागला. “आई, सकाळी तू जे करून ठेवून आली, तेच हाय. बसची तकलीप कायले घेतली? घरीच फेटा बांधून बसलो असतो.”

“गप बस बे,” बाबा म्हणाले, आणि राजपालला जरा बाजूला घेतलं. माझे बाबा, जगदेवराव, यांना आमच्या घरात तवा कुठे टांगलेला असतो हे माहीत नाही. पण ते गंभीरपणे म्हणाले, “पाय बाप्पा, पीठ असन थोडंबहुत, त एकच टाक. कसा टाकाचा ते मी सांगतो.”

“पीठच नाही, काका.”

मी म्हटलं, “कारंजात स्टँडजवळ मिळतो डोसा. जाऊ या तिकडे.”

“पार्काच्या तिकिटात जेवण धरलं हाय न व. आन स्टँडवर उभ्यानं खा लागते,” आई म्हणाली. मग तिने पर्स खांद्याला नीट अडकवली. “असू द्या. भूक त लागलीच हाय.”

हे वाक्य ती अगदी सरळ आवाजात बोलली. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आम्ही सतरंजीवर बसलो. बसताना आईच्या गुडघ्याने आवाज केला. “महिनाभर वावरात खाली, आता इथंबी खाली,” ती पुटपुटली, आणि पदर सावरून चुलीकडे बघायला लागली. भाकरी थापणारी बाई आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होती. राजपालने सांगितलं, ती धनीबाई. जवळच्या तांड्यावरची. दर वर्षी या दिवसांत ती ऊस तोडायला जायची. यंदा हे काम मिळालं म्हणून गावात राहिली. हे ऐकल्यावर मला नव्या पाटीवर धड रागावताही येईना.

“थापते चांगली,” आई म्हणाली. तेवढंच.

ताटं आली. मधोमध भाकरीची टोपली आली, वर फडकं. आईने फडकं उचललं. आतून वाफ निघाली. तिने वरची भाकरी काढून बाबांच्या ताटात ठेवली. दुसरी मोडून अर्धी हरीओमला, अर्धी मला. तळाची, थोडी तुटलेली, आपल्या ताटात ओढली आणि लगेच बाबांचा झुणका संपतोय का ते बघायला लागली. पुन्हा टोपली आली. पुन्हा तिचा हात फडक्याखाली गेला: बाबा, हरीओम, मी. तिच्या ताटातला तुकडा मघाचाच होता, आणि आता तो वातड झाला असणार.

तिला कुणी वाढायला सांगितलं नव्हतं. टोपली समोर आली की तिचा हात चालू होत होता, बस.

चुलीपाशी बसून धनीबाईही हे बघत होती. ती उठली, उलथण्यावर टम्म फुगलेली भाकरी घेऊन आली आणि सरळ आईच्या ताटात ठेवली.

“बाई, तुमी जेवून नाही राह्यल्या. वाढूनच राह्यल्या.”

“जेवतो न माय,” आई हसून म्हणाली.

धनीबाईने पाठ फिरवली. आणि ती भाकरी आईच्या ताटातून उचलली गेली आणि बाबांच्या ताटात पोचली. इतक्या सहज, की बाबांनी वर न बघता तिचा घास मोडला.

माझा घास हातातच राहिला.

एवढी वर्षं मी तांदूळ, तवा आणि तेल तपासत होते. राजपाल डोसे आणायचा तेव्हा चार ताटल्या एकदम यायच्या, प्रत्येकात एक. ज्याचा त्याचा डोसा. वाटायला टोपली नव्हती, उचलून द्यायला काही नव्हतं. ज्याला द्यायचं त्याच्यापुढे त्याचा होताच. आणि आई बसल्या बसल्या पहिलं टोक मोडून तोंडात टाकायची. वर्षातून एकदा तिच्या पुढ्यात गरम काहीतरी यायचं आणि ते तिथेच राहायचं. एकटीले, असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

आज डोसा गेला होता, आणि त्याच्याबरोबर तेही.

मी उठून चुलीपाशी गेले. धनीबाई नवी भाकरी निखाऱ्यावर शेकत होती.

“मावशी, ही मला द्या. आईसाठी.”

“देऊन त पायली,” ती म्हणाली. “तुह्या बापानं खाल्ली.”

“तुम्ही पाहिलंत?”

“पाहाचं काय त्याच्यात? मी बी घरी तसंच करतो.” तिने भाकरी उलथण्यावर घेतली, फुंकर मारून राख उडवली. “हे घे. पण तुही माय नाही खाणार. पाय तू.”

मी भाकरी ताटलीत घेऊन आले. ताटली खाली ठेवली नाही. आईच्या तोंडासमोरच धरली.

“आई, चावा घे.”

“आं?”

“मोडायची नाही. अशीच चाव.”

“लहान लेकरू हाय का मी? लोक पाहून राह्यले न व.”

“पेंग्विन फेटा बांधून उभा आहे आई, तुझ्याकडे कोण बघतंय? चाव.”

हरीओमला काय चाललंय कळलं नाही, पण त्याला मजा वाटली. “चाव, चाव!” तो म्हणाला. आईने इकडेतिकडे बघितलं, पदर तोंडाजवळ धरला आणि भाकरीच्या कडेला दातांनी छोटासा चावा घेतला. मी भाकरी तिच्या ताटात सरकवली.

तिचा हात सवयीने भाकरीखाली गेला. भाकरी उचलली गेली, बाबांच्या ताटाकडे निघाली, आणि मध्येच थांबली. कडेला दातांची अर्धगोल खूण होती.

आमच्याकडे बाबांचं उष्टं आई खाते, आमचं उष्टं दोघंही खातात. आपलं उष्टं आईने दुसऱ्याच्या ताटात वाढलेलं मी कधी पाहिलेलं नाही.

“उष्टी झाली!” हरीओम ओरडला. “आता कोणाले देशीन?”

आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या अधांतरी भाकरीकडे, मग आईच्या ताटातल्या वातड तुकड्याकडे. त्यांना किती समजलं ते मी सांगू शकत नाही. त्यांनी आपल्या ताटावर तळवा आडवा धरला.

“मी नाही खात उष्टं,” ते म्हणाले.

हे ज्या माणसाने आमच्या दोघांच्या बालपणीचा उरलेला वरणभात संपवला आणि जो वावरात आईच्याच बशीतला चहा पितो, तो म्हणत होता.

“लाज नाही वाटत खोटं बोलाले?” आई म्हणाली.

“पोट भरलं की नाही वाटत.”

आईने भाकरी परत आपल्या ताटात ठेवली.  मग पापुद्रा उचलला. आतून वाफ आली. तिने मोठा तुकडा मोडला, झुणक्यात बुडवला, तोंडात टाकला, आणि लगेच तोंड उघडून हा हा करत हाताने वारा घ्यायला लागली. डोळ्यांत पाणी आलं. मी पाण्याचा पेला पुढे केला.

रोज निखाऱ्यावरची भाकरी ती बोटांनी उलटते. बोटांना काही होत नाही. जिभेला मात्र सवय नव्हती.

“लय गरम रायते व,” ती म्हणाली. जणू हे तिला कुणी आधी सांगायला हवं होतं.

“भाकर गरमच रायते, आई,” हरीओम म्हणाला.

“तुले माहीत असन,” आई त्याच्याकडे बघून म्हणाली. त्याने टोपली हळूच आपल्याकडे ओढून घेतली, तिच्या हाताला लागणार नाही अशी.

ती भाकरी आईने सावकाश, पूर्ण खाल्ली. शेवटचा तुकडा ताटभर फिरवून ठेच्यासकट पुसून घेतला. मग चुलीकडे तोंड करून, जरा मोठ्याने, म्हणाली, “बाई, एक टाकजो अजून. माह्यासाठी.”

“टाकली!” धनीबाईने तिथूनच उत्तर दिलं.

निघताना राजपाल दारापर्यंत आला. आई थांबली. “भाकर चांगली होती. त्या बाईले सांगजो. पण डोसा बंद कराले नोको होता. मालकाले हेबी सांगजो.”

“सांगतो, मावशी.”

“इसरू नोको.”

परतीच्या एसटीत तिला खिडकी मिळाली. कारंजा मागे पडलं, तुरीची पिवळी फुलं दिसायला लागली. बाबा पुढच्या दांडीवर डोकं टेकून झोपले होते. आईचा गाल आतून हलत होता. ती जिभेचं टोक दातांना लावून बघत होती, पुन्हा पुन्हा.

“अजून हुळहुळतंय का?” मी विचारलं. “घरी गेल्यावर तूप लाव.”

“काई नाही लावत,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. “हुळहुळू दे.”