खुनी सुटला तरी चालेल

सिनेमा इतका भंगार होता, की ऋतुजानं तो आईला सांगायचंच ठरवलं. चांगला सिनेमा लोक आपला आपण बघतात. भंगार सिनेमा सांगायला मजा येते, आणि मजा आली की माणूस बोलतं, असा तिचा अंदाज.

आई, म्हणजे गौराबाई, बाबांना समाधी दिल्यापासून ‘हूं’ आणि ‘न्हाई’ यापलीकडं गेलेली नव्हती. बाबा सेलूतल्या आपल्या दुकानात बसल्या बसल्याच गेले. सगळे पाहुणे रडून मोकळे झाले, या मायलेकी तेवढ्या कोरड्या राहिल्या. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात ना, तसं ऋतुजाचं सगळं अंग बधिर झालं होतं. स्वतःसाठी तिनं काही मागितलं नव्हतं. आईनं एक अख्खं वाक्य बोलावं, बस.

मदतीला तिनं वर्गातल्या प्रियंकाला आणलं. सिनेमा तिच्याच घरी टीव्हीवर पाहिलेला. गौराबाई परातीत मेथी निवडत होत्या.

“आई, ऐक. एक बडा जमीनदार असतो. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आपल्यातलाच. त्याचा धाकटा भाऊ त्याला दुधातून विष देतो.”

“भाऊ तरी कसला, काकू!” प्रियंका म्हणाली. “आल्या आल्या मिशीला पीळ. आमच्या शेळीलाबी कळलं असतं, हाच खुनी म्हणून.”

“हूं.”

“मग घाईघाईनं त्याला जाळतात. इन्स्पेक्टर येतो तर नुसती राख. पुरावा गेला! आणि शेवटी काय, तर भाऊ आपला आपणच रडत कबूल करतो. एवढा वेळ बसवून ठेवलं, आणि हे!”

गौराबाईंचा हात थांबला. “लिंगायत म्हणलीस ना? मंग जाळलं कसं? आपल्यात जाळीत न्हाईत.”

अख्खं वाक्य! ऋतुजानं नाचायला पाहिजे होतं. पण आत काही हललं नाही. डोकं मात्र भराभर पळायला लागलं.

“आई, लय भारी! म्हणजे राख न्हाईच. त्याला समाधी देतात, आणि इन्स्पेक्टर येऊन—”

“थांब थांब,” प्रियंका मध्येच म्हणाली. “पुरतात का? आडवं?”

“बसवून. हातात लिंग देऊन,” ऋतुजा म्हणाली.

“बसवून? कायमचं? पाठ अवघडत असंल की गं!” प्रियंका म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

गौराबाई रागावल्या नाहीत. “चारी अंगानं मातीच असती, पोरी. तिला टेकून बसतंय माणूस. पाठ न्हाई अवघडत.”

ऋतुजानं गोष्ट पुढं रेटली.

“तर इन्स्पेक्टर फावडं मागवतो. माती उकरतात. पोटात विष सापडतं, आणि भाऊ थेट—”

“न्हाई.”

“आई, सिनेमा हाय गं.”

“असू दे. बसलेल्याला उठवायचं न्हाई.”

“मग विष कसं सापडणार? खुनी सुटंल!”

“सुटू दे.”

एवढा झकास शेवट ऋतुजाला आजवर सुचला नव्हता. उद्या वर्गात सांगितला असता तर पोरी बेंच वाजवत राहिल्या असत्या. तिनं तो एकदा डोळ्यांपुढं चालवून पाहिला. फावडं पडलं. माती बाजूला झाली. आधी डोकं लागलं, मग खांदे. ते खांदे कुणाचे दिसले, हे तिनं सांगितलं नाही.

“बरं,” ती म्हणाली. “इन्स्पेक्टर फावडं परत पाठवतो. केस बंद.”

“अन् खुनी मोकळा?” प्रियंका ओरडली. “पहिलाच शेवट बरा होता की मग!”

“त्या जमीनदाराच्या बायकोचं काय झालं?” गौराबाईंनी विचारलं.

बायको एकदा हंबरडा फोडताना दिसली होती, पुन्हा दाखवलीच नव्हती.

“तू सांग आई, काय करती ती?”

“काय करणार? उठती. जेवती. भांडे घासती. लोक म्हणतात रड, तर रडू येत न्हाई.”

“मग?”

“मंग दुसऱ्या दिवशी पुन्हा उठती.”

“असला सिनेमा कोण बघंल, काकू?”

“मी बघीन,” ऋतुजा म्हणाली. मग आईकडं न बघता तिनं विचारलं, “पण किती दिवस असं चालतं तिचं?”

गौराबाईंनी मेथीची नवी जुडी सोडली.

“मला काय माहीत? सिनेमा तुझा हाय.”