हौसेची गाडी

विमानतळाच्या पोटातल्या त्या लांबलचक गाडीतळात मालूबाईनं डाव्या बाजूचं पुढचं दार उघडलं, लुगड्याचा घोळ सावरला आणि ऐटीत बसली. बसते न बसते तोच स्टिअरिंगचं चाक तिच्या पोटाला टेकलं.

"हे काय व माय? चाक इकडं कसं?"

"या देशात डावीकडंच असतं, आई," अनंत वाकून म्हणाला. "ती ड्रायव्हरची जागा आहे. ऊठ."

"उठते. मग तू बस."

अनंत बसला नाही. त्यानं बायकोकडे पाहिलं. शारदेनं हात पुढे करून त्याच्याकडची किल्ली घेतली.

"मी चालवते, आई. मला हौस आहे."

मालूबाईला अक्षरओळख नव्हती, पण डोळे शाबूत होते. मघाशी काउंटरवर भाड्याच्या गाडीचे कागद झाले तेव्हा टेबलावर सरकवलेल्या लायसनवर फोटो सुनेचा होता, हे तिनं टिपलं होतं. तेव्हा वाटलं, असेल गोऱ्यांचा काही कायदा. आता कळलं, कायदा घरातलाच होता.

ती मागे जाऊन बसली आणि दार असं आपटलं की शेजारच्या दोन गाड्यांतली माणसं वळून बघायला लागली. सगळ्या फोपनार गावाला ती सांगून आली होती, माझा लेक मला बर्फाच्या डोंगरात स्वतः गाडी चालवून फिरवणार हाय. कौतिक पाटलाच्या बायकोनं त्यावर नाक मुरडलं होतं. "विलायतेत राहून राहून पोरं बायकोची होतात, मालूबाई. फिरवलं तर खरं."

गाडी शहर सोडून वर चढायला लागली. तळी आली, हिरवीगार, कुणी काठावर उभं नाही, कुणी पाणी भरत नाही. बोगद्यात शिरावं तर दुपार, बाहेर निघावं तर पहाट. पुढे तर ढगच रस्त्याच्या कडेला गुरांसारखे निवांत बसलेले. मालूबाईला वाटेना की गाडी चाललीय. वाटे, आपण एका जागी आहोत आणि डोंगरच अंग वळवून वळवून आपल्याला पाहून घेताहेत.

तिची जीभ मात्र गुंगली नव्हती.

"नवऱ्याला शेजारी पोत्यासारखा ठेवून हिंडायचं. तुझ्या बापानं, त्या लालबागच्या मास्तरानं, लेकीला हेच शिकवलं का?"

"हाव, आई, हेच शिकवलं," शारदा वळण घेत म्हणाली.

"हाव काय हाव? लाज विकून भजी खाल्ली का?"

अनंत हसला. "बघ आई, पुढच्या वळणावर एक धबधबा आहे. तो खाली येता येता..."

शब्द तिथंच राहिला. त्याची मान ताठ झाली. डोळे उघडे होते, पण काचेपलीकडचा डोंगर त्यांत शिरत नव्हता. शारदेचा उजवा हात त्याच्या छातीवर आला, गाडी हळू झाली, कडेला थांबली. वीस मोजावेत एवढा वेळ गेला. मग अनंतनं ओठांवरून जीभ फिरवली, इकडेतिकडे पाहिलं आणि डोकं काचेला टेकून डोळे मिटले.

शारदेनं आरशातून मागे पाहिलं. "झोप लागली त्यांना, आई. विमानात जागरण झालं ना."

मालूबाईच्या तोंडात पुढचा टोमणा तयार होता. तो तिनं गिळला.

ही झोप तिला पाठ होती. लोटूला, अनंतच्या बापाला, अशीच लागायची. एकदा केळीचे घड भरून बुऱ्हाणपूरला निघाले असताना त्याच्या हातून कासरा गळला आणि बैल गाडीसकट पाटात उतरले. दुसऱ्या दिवशी कासरा मालूबाईनं धरला तो अकरा वर्षं. गाव हसलं. नवऱ्याला घडांवर बसवून बाई गाडी हाकते! "हाकते. मला हौस हाय," ती म्हणायची, आणि हसणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरायची. मिरगीचं, त्या फेफऱ्याचं, नाव तिनं उंबऱ्याच्या आतसुद्धा निघू दिलं नाही. बाई तोंडाळ आहे म्हणतात ना, म्हणू देत. माणूस आजारी आहे म्हणायला नको. लहानग्या अनंतला सांगायची, बाबा झोपलेत.

गाडी पुन्हा चालायला लागली. धबधबा आला आणि गेला. कुणी दाखवला नाही.

घाटमाथ्यावर गाडी थांबली तेव्हा अनंत कॉफी आणायला गेला. बाजूला सहलीची बस उभी होती. मराठी कानावर पडताच तिच्यातून उतरलेला एक माकडटोपीवाला धावतच आला.

"कुठले तुम्ही? मी पंडित, जळगावचा."

"फोपनारचे. बुऱ्हाणपूरजवळ," शारदेनं सांगितलं.

"अहो, फोपनारला तर माझी बहीण दिली! कौतिक पाटलांकडं!" त्यानं शारदेच्या हातातली किल्ली पाहिली, मग लांबून येणारा अनंत पाहिला. "वयनी चालवतात गाडी? अन् साहेब नुसते बसून? सांगतो बरं का ताईला!"

शारदा घाईनं म्हणाली, "त्यांना येते हो, मलाच हौस..."

"तू थांब व," मालूबाई म्हणाली. पदर खोचून ती पंडितच्या पुढ्यात उभी राहिली. "सांगजो की. आमच्यात बायकाच हाकतात. मी हाकली, आता ही हाकते. अन् नीट सांगजो, तुझ्या बहिणीला अर्धंच ऐकू येतं."

पंडित हसत हसत बसकडे गेला. फोपनारात दोन दिवसांत काय होईल ते मालूबाईला दिसत होतं.

अनंत तीन कागदी पेले घेऊन आला आणि पुढच्या दाराकडे वळला. मालूबाईनं त्याची बाही धरली.

"मागं ये. माझ्यापाशी बस."

"का गं?"

"मायपाशी बसायला कारण लागतं का रे?"

बेचाळीस वर्षांचा अनंत मुकाट मागे बसला. तिनं त्याचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. शारदेनं किल्ली लावली, पण फिरवली नाही. तिचे डोळे आरशात अडकून राहिले होते.

"तू रस्त्याकडं बघ, पोरी," मालूबाई म्हणाली. "याच्याकडं मी बघते."