सोमवारी कॅन्टीन उघडणार

"मानवजातीची यापुढची सगळी युद्धं," एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात प्रोजेक्टरची वायर धरून कुलूपकाका म्हणाले, "तलवारीनं नाही, तोफेनं नाही, पासवर्डनं लढली जातील! आणि त्या युद्धात तुमचा किल्ला एकच. तुमची गुप्तता!"

सभागृह चिडीचूप झाले. पहिल्या वर्षाची मुले एकटक पुढे पाहत होती. आपले भाषण पोचले, असे काकांना क्षणभर वाटले. मग पहिल्या रांगेतल्या एका मुलीने फोन उंचावून फोटो काढला, शेजारणीने काढला, मागच्या रांगेतले दोघे त्यासाठी उभेच राहिले. सगळ्यांची नजर काकांच्या तोंडाकडे नव्हे, पोटाच्या पातळीवर होती. काका वाकून पाहू लागले. आदल्या दिवशी झाडलोट करणाऱ्यांनी भाषणाचे टेबल मागची बाजू पुढे करून ठेवले होते, आणि येणारा प्रत्येक वक्ता विचारतो म्हणून खुद्द काकांनी ठळक अक्षरांत लिहून चिकटवलेला सभागृहाच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड आता मुलांकडे तोंड करून होता.

काका कॉलेजच्या तंत्रसेवा विभागाचे प्रमुख. पासवर्ड सारखा चुकला की खाते बंद पडे आणि ते उघडून घ्यायला त्यांच्या दारात यावे लागे, म्हणून कुलूपकाका. खरे तर उघडून देणाऱ्याला किल्लीकाका म्हणायला हवे होते, पण कॉलेजात असल्या बारकाव्यांना कोण विचारतो!

दुपारी प्राचार्याबाईंचे बोलावणे आले.

"तुमचा फोटो पाहिला," त्या म्हणाल्या. "ग्रुपवर फिरतोय. खाली लिहिलंय, किल्ल्याचा दरवाजा."

काका बसावे की नाही या विचारात उभेच राहिले. प्राचार्याबाई गेल्याच वर्षी दुसऱ्या कॉलेजातून आल्या होत्या. त्या हसत नसत असे नाही, पण कुणी ते पाहिल्याचे सांगत नसे.

"गेल्या महिन्यात त्या एका मुलीचं खातं चोरीला जाऊन तिच्या नावानं सगळ्या वर्गाला काय काय गेलं, आठवतंय ना? अजून मान वर करून चालत नाही पोरगी. आणि चोर आत शिरला कुठून? आपल्याच एका सरांच्या खात्यातून. बक्षीस लागलं म्हणून सरांनी आपल्या हातानं पासवर्ड दिला."

"हो, मॅडम." काकांनी मान खाली घातली. त्या मुलीचे खाते त्यांनीच परत मिळवून दिले होते. ते मिळाल्यावर तिने ते उघडलेच नव्हते, हेही त्यांना माहीत होते.

"तेव्हा आता परीक्षा घ्या. एक खोटी मेल पाठवा. कोण कोण पासवर्ड देतं ते बघू."

"मुलांवर करून पाहिलंय, मॅडम. फुकट हेडफोन म्हणून पाठवली होती. एकही फसला नाही. एकानं उलट विचारलं, काका, तब्येत बरी आहे ना?"

"मुलं शहाणी आहेत. मी मोठ्यांबद्दल बोलतेय. शिक्षक, कर्मचारी आणि निवृत्त झालेलेसुद्धा. फसतील त्यांची नावं मंगळवारच्या सभेत पडद्यावर. आणि निम्म्याच्या वर फसले, तर इतकी वर्षं तुम्ही शिकवलंत काय, हा प्रश्न येतो. मग हे काम बाहेरच्या कंपनीला देऊ. तुम्ही आणि ती तुमची इंजिनिअर, रेकॉर्ड रूममध्ये."

काका "बरं" म्हणाले. रेकॉर्ड रूम तळघरात होती आणि तिथे जाऊन परत वर आलेला माणूस कुणाच्या ओळखीत नव्हता.

विभागात माणसे दोनच. दुसरी ती इंजिनिअर, वयाने काकांच्या मुलीएवढी आणि बोलण्यात त्यांच्या आईएवढी.

"सोपं आहे," ती म्हणाली. "पगारवाढीची यादी म्हणून पाठवू. अख्खं कॉलेज गळाला लागेल."

"म्हणूनच नको. आपल्याला असा गळ हवाय, की मासा बघून जांभई देईल."

"म्हणजे कॉपी करून पास व्हायचंय."

"रेकॉर्ड रूममध्ये खिडकी नाहीये, बाई. तुझं वय आहे का ते?"

काकांनी कपाळ चोळत सर्व्हर रूममधून एक चक्कर मारली. तिथेच त्यांना सुचले. ज्या खोलीत आता कॉलेजची सगळी यंत्रे गुणगुणत होती, तिथे पूर्वी कॅन्टीन होते. ते पाडून भिंती नव्या घातल्या, पण चहाचा दगडी ओटा कंत्राटदाराला काही फुटेना. शेवटी त्याच्यावरच मोठा सर्व्हर बसवला. ओटा मजबूत असल्याचे प्रमाणपत्रही कंत्राटदाराने स्वतःच दिले होते. त्या कॅन्टीनची आता कुणाला आठवण? त्याच्याबद्दल कुणाला बोलताना काकांनी कित्येक वर्षांत ऐकले नव्हते. जगातला सगळ्यात मिळमिळीत गळ म्हणतात तो हाच.

त्यांनी लिहायला घेतले. 'जुने कॅन्टीन येत्या सोमवारी दुपारी, एका दिवसापुरते, पुन्हा उघडत आहे. येणार असल्यास खालच्या दुव्यावर नाव व पासवर्ड टाकून कळवावे.' एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण मेल फारच लांडी वाटली, म्हणून त्यांनी खिडकीजवळचे बाकडे घातले, ज्याचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली कुणाची तरी प्रॅक्टिकलची वही घडी घालून ठेवलेली असे. मग पोचे आलेली किटली घातली. मग कॅन्टीनवाले दादा घातले, ज्यांना पावलांच्या आवाजावरून कोण आले ते कळे आणि निकालाच्या दिवशी एखादे पोर मान खाली घालून आत आले की जे न बोलता रेडिओचा आवाज बारीक करत. इथे काकांची बोटे जरा थांबली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि गवतासारखी वाढलेली ती मेल पुन्हा वाचली.

इंजिनिअर मागे उभी राहून वाचत होती. "काका, यात कुणाला काय मिळणार आहे?"

"काही नाही. तेच तर," काका म्हणाले आणि त्यांनी मेल पाठवून दिली.

पहिला फोन रसायनशास्त्राच्या सरांचा आला.

"अरे कुलूप, ते आखूड पायाचं बाकडं ठेवलंयस ना? त्याच्याखालची वही माझी होती रे! अजून मार्क मिळाले नाहीत तिचे."

"सर, तुम्ही पासवर्ड टाकलात?"

"टाकला की. आधी चुकला, मग बरोबर टाकला. येतोय मी."

मग जिन्यात हिशेबखात्याच्या बाई भेटल्या, फाटकापाशी पहारेकरी भेटले. सगळे काकांकडे पाहून असे हसत होते, जसे काही त्यांनी कुणाचे हरवलेले मूल शोधून आणले आहे. संध्याकाळी इंजिनिअरने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. नावांची रांग खाली खाली जात होती.

"निम्मे केव्हाच झाले, काका. आता उरलेत ते बहुधा मेल उघडता न येणारे."

घरी पोचले तर बायको फोनवर होती. ती कॉलेजच्या वाचनालयातून निवृत्त झाली होती आणि अलीकडे तिचा आवाज घरात फारसा मोठा होत नसे. आज तो बाहेरच्या फाटकापर्यंत येत होता.

"अहो, क्रीडासर येताहेत!" फोनवर हात ठेवून ती म्हणाली. "गुडघा धरलाय, तरी काठी घेऊन येतो म्हणाले. काय हो, मला आधी सांगायचं नाही होय? सगळ्या गावाबरोबर मेलवर कळवायचं?"

"तू... त्या दुव्यावर गेलीस?"

"गेले की."

"पासवर्ड मागितला?"

"दिला."

"अगं, किती वेळा सांगितलंय तुला, पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही म्हणून!"

"कुणालाही कुठे? तुमच्या खात्याची मेल, तुमचीच भाषा. ती किटली दुसऱ्या कुणाला आठवणार आहे? तुम्हालाही नाही द्यायचा का आता?"

काकांनी बूट काढायला बराच वेळ घेतला. त्याच कॅन्टीनच्या खिडकीशी ही पहिल्यांदा आली होती, मुदत उलटलेले पुस्तक मागायला. पुस्तकावर चहाचा गोल डाग पाहून ती इतकी चिडली, की समोर बसून पान न् पान टीपकागदाने टिपत राहिली. टिपून होईपर्यंत दादांनी न विचारता दोन चहा आणून ठेवले होते.

"एक सांगायचं होतं," ते म्हणाले.

"सांगा ना. थांबा, आधी हे बघा, मोठा थर्मास सापडला. झाकण बसतंय का बघता?"

काकांनी झाकण बसवून पाहिले. बसले. सांगायचे राहून गेले.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मनाचा हिय्या केला आणि सगळ्यांना दुसरी मेल धाडली. 'कालची कॅन्टीनची मेल खरी नव्हती. ती सुरक्षेची चाचणी होती. कॅन्टीन उघडणार नाही. तसदीबद्दल क्षमस्व.'

कॅन्टीनची सोडली, तर आजवर काकांनी धाडलेल्या मेल कुणी उघडल्या नव्हत्या. ही मात्र लोकांनी उघडली. आणि काकांची इतक्या वर्षांची शिकवण एका झटक्यात फळाला आली.

"कुलूप, सावध राहा!" रसायनशास्त्राचे सर फोनवर कुजबुजले. "कुणीतरी तुझ्या नावानं खोटी मेल सोडलीय. कॅन्टीन रद्द म्हणून! मी बरोबर ओळखली. भाषाच तुझी नाही, सरकारी आहे. मी कशावरही क्लिक केलं नाही."

"सर, ती माझीच आहे."

"तुला बोलायला लावलंय का कुणी? नुसतं हो नाहीतर नाही म्हण."

हिशेबखात्याच्या बाईंनी तर ती मेल संशयास्पद म्हणून रीतसर काकांच्याच विभागाकडे तक्रारीला पाठवली. कॉलेजच्या इतिहासातली असली ती पहिली तक्रार. इंजिनिअरने ती नोंदवून घेतली आणि टेबलावर डोके ठेवून बराच वेळ हसली. मग डोके वर करून म्हणाली, "काका, घरी तरी सांगितलंत?"

काकांनी खिशातली किल्ली काढली, पाहिली आणि परत ठेवली.

सोमवारी दुपारी ते सर्व्हर रूमच्या दाराला पाठ लावून उभे राहिले. येतील त्यांना समजावून परत पाठवायचे, असे त्यांनी ठरवले होते. व्हरांड्याच्या टोकाला आधी काठी वाजली. मग क्रीडासर दिसले. एके काळी ज्यांची शिट्टी ऐकून पोरे पळत, ते आता भिंत धरत एकेक फरशी जिंकत येत होते. त्यांच्या मागे रसायनशास्त्राचे सर, हिशेबाच्या बाई, पहारेकरी, कधीच्या काळी निवृत्त झालेले दोन शिपाई, आणि सगळ्यांत मागे थर्मास छातीशी धरून काकांची बायको. तिने ठेवणीतले कपडे घातले होते.

"काय रे, दार बंद?" क्रीडासरांनी विचारले.

काकांनी बोलायला तोंड उघडले. आतल्या खोलीत बाहेरच्या माणसाला पाऊल टाकू द्यायचे नाही, हा नियम त्यांनीच केला होता आणि दारावरची पाटीही त्यांनीच रंगवून घेतली होती. त्यांनी बायकोकडे पाहिले. ती दाराकडे पाहत होती.

त्यांनी बाजूला होऊन किल्ली फिरवली.

आत बाकडे नव्हते, खिडकीही विटांनी बुजवलेली. नुसती काळी कपाटे आणि त्यांत लुकलुकणारे हिरवे दिवे. माणसे दारातच थबकली. मग बायको पुढे झाली, मोठ्या सर्व्हरखाली वाकली आणि तिने दगडावरून हात फिरवला.

"ओटा आहे," ती म्हणाली.

एवढे पुरले. कुणी रिकाम्या खोक्यांवर बसले, कुणी वायरींच्या भेंडोळ्यावर. क्रीडासरांना काकांची खुर्ची मिळाली. थर्मास फिरू लागला. त्या पुस्तकावरच्या डागाची गोष्ट निघाली, आणि आपण तिला कसे पटवले हे काका सांगू लागले, तेव्हा बायको म्हणाली, "मी पुस्तक पटवायला आले होते. हे सोबत आले." रसायनशास्त्राचे सर इतके हसले, की त्यांना पाठीवर थापटावे लागले.

हसणे आधी दारापाशी थांबले, मग आतपर्यंत थांबत गेले. दारात प्राचार्याबाई उभ्या होत्या.

"यादी न्यायला आले होते," त्या काकांना म्हणाल्या. "हे काय आहे?"

"हीच यादी आहे, मॅडम," काका म्हणाले. त्यांनी खोलीभर हात फिरवला, घरच्या माणसालाही वगळले नाही. "सगळे फसले. मी आधी लिहिली ती मेल खोटी होती. हे कॅन्टीन नाही. असं काही उघडणार नव्हतं. चाचणी होती."

बायको हातातल्या कपाकडे पाहत राहिली.

"अरे, ते कळलं की आम्हाला," क्रीडासर अखेर म्हणाले. "खिडकी कुठाय? पण आता एवढे चालून आलोय, तर चहा पिऊनच जातो."

"म्हणजे दुसरी मेल खरी?" रसायनशास्त्राचे सर अचंब्याने म्हणाले.

बायकोने एक कप भरला. तिने काकांकडे पाहिले नाही. ती तो घेऊन दारापाशी गेली आणि प्राचार्याबाईंच्या पुढे धरला. बाईंनी तो घेतला, कारण दोन्ही हातांनी पुढे केलेला कप नाकारायला वेगळे शिक्षण लागते. इंजिनिअरने आपले खोके सरकवले. प्राचार्याबाई जराशा अवघडून तिच्या शेजारी टेकल्या.

यंत्रे गुणगुणत होती. बाईंनी एक घोट घेतला. क्रीडासरांची काठी, ओटा, बुजवलेली खिडकी, सगळ्यांवरून त्यांची नजर फिरली आणि काकांवर येऊन थांबली. काकांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून हातात घेतला. मागण्याआधी दिलेला बरा.

"काका," प्राचार्याबाई म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"तो एसी जरा कमी करता का? चहा गार होतोय."