कॉक बंद, गाडी चालू

सुताराच्या लेकीची मोटारसायकल शंभर सीसीची आणि वयाने लेकीहून मोठी. सुताराने ती आयुष्यभर जिवापाड जपली, लेक शिकायला लागल्यावर तिच्या नावावर करून दिली आणि गल्लीभर सांगत सुटला की आपल्या हाताखाली शिकलेलं माणूस नापास होणं शक्य नाही. लेक लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाली. पहिल्यांदा तिने पाय टेकला, दुसऱ्यांदाही पायच टेकला. गुरुजींची दक्षिणा परत मागायची का, असं बायकोने विचारलं, तेव्हा सुतार रंधा शोधायला आत गेला.

आज तिसरी खेप होती. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेने लेकीला घरोघरी जाऊन नमुने गोळा करायचं काम देऊ केलं होतं. आज पास झाली तर काम तिचं, नाहीतर उद्यापासून दुसरी मुलगी येणार होती. तरी लेक रात्री ढाराढूर झोपली. जागा राहिला तो सुतार.

परीक्षा साधीच होती. आधी आठचा आकडा काढायचा, मग चढ, मग उतार. पाय जमिनीला लागता कामा नये, आणि बाहेरून कोणी काही सांगितलं तर परीक्षा रद्द. सुतार मैदानाच्या जाळीबाहेर उभा होता. रांगेत थांबताना लेकीने इंजिन बंद केलं आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉकही फिरवला. कार्बोरेटर गळका होता. गाडी थांबली की कॉक बंद, हे सुताराने तिच्या डोक्यात खिळा ठोकावा तसं बसवलं होतं. त्याला बरं वाटलं. पण नंबर पुकारला तशी लेकीने घाईघाईने किक मारली आणि निघाली. कॉक तसाच राहिला.

कार्बोरेटरात उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडी पळणार आणि मान टाकणार. एक शब्द ओरडला की काम भागत होतं, पण त्याच शब्दाने लेकीचं काम गेलं असतं. त्याने दोन्ही हातांनी जाळी धरली आणि ओठ मिटले. गल्लीतल्या कोणी त्याला इतका वेळ गप्प पाहिलं नव्हतं.

आठचा आकडा तिने झकास काढला. चढही चढली. माथ्यावर इंजिनाला ठसका लागला आणि ते बंद पडलं. गाडी उताराला लागली. आता ही टेकणार पाय, सुतार मनात म्हणाला.

लेकीने गाडी न्यूट्रलला टाकली. डावा हात क्लचवरून काढून गुडघ्यापाशी नेला आणि नजर समोर ठेवूनच कॉक उघडला. गाडी डगमगली. हात परत क्लचवर आला, गाडी थोडी तशीच घरंगळली, मग तिने दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. गाडीने गचका खाल्ला, धूर ओकला आणि सुरू झाली. पाय जागच्या जागी होते. लेकीचा इतका अभिमान सुताराला ती जन्मली त्या दिवशीही वाटला नव्हता.

परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी तिला पास केलं आणि उतारावर काय झालं ते विचारलं. कॉक उघडायला विसरले, असं तिने सरळ सांगून टाकलं. साहेब हसले.

"चालत्या गाडीवर कॉक उघडायला कोणी शिकवलं?"

लेकीने जाळीकडे बोट केलं. "बाबांनी."

"नाही साहेब," सुतार म्हणाला. "मी फक्त बंद करायला शिकवलं होतं. उघडला तिचा तिने."

रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जावं, इतक्या मोठ्याने त्याने ते सांगितलं.