कोपरांवर झिजलेली शाळा

बिट्टीच्या हायस्कूलचा फॉर्म शिवणयंत्राच्या टेबलावर पसरून भावजी पेन सरसावून बसले होते. भावजी कचेरीत कारकून, त्यामुळे घरातला कुठलाही फॉर्म आपल्याशिवाय भरला जाऊच शकत नाही अशी त्यांची पक्की समजूत. थोरल्या भावाने, म्हणजे बिट्टीच्या बापाने, नेहमीप्रमाणे सगळं त्यांच्यावर सोपवून कामाचा रस्ता धरला होता.

"वहिनी, टेकडीवरची शाळा लिहितो. केवढी इमारत आहे!"

वहिनी, म्हणजे बिट्टीची आई, शिंपीण, सातवीपर्यंत शिकलेली. फॉर्म दिसला की ती तो भावजींकडे सरकवायची. आज मात्र तिने दुरुस्तीच्या ढिगातून दोन गणवेश ओढून त्यांच्यापुढे टाकले.

"हा टेकडीवरचा. विजारीची बसायची जागा तेवढी झिजलीय, बाकी कोरा करकरीत. आणि हा पुलापलीकडच्या शाळेचा. कोपरं फाटलेली, बाहीला प्रयोगशाळेतल्या ॲसिडची भोकं, खिशात लाकडाचा भुसा. बारा वर्षं हेच बघतेय मी."

"अहो, विजार बघून कुणी शाळा निवडतं का?"

"तुम्ही इमारत बघून निवडताय. मी निदान आतल्या पोरांचे कपडे तरी बघितलेत."

भावजींनी काही न लिहिताच पेन खाली ठेवलं. बिट्टी मात्र उड्या मारायला लागली. दहाव्या वर्षी तिने आईचं शिवणयंत्र खोलून पुन्हा जोडलं होतं. एक स्क्रू उरला होता, पण यंत्र आधीपेक्षा बरं चाललं होतं. तिला पुलापलीकडचीच शाळा हवी होती.

फॉर्मवर 'निवडीचे कारण' असा रकाना होता. आईने पेन घेतलं, तशी बिट्टी हळूच म्हणाली, "आई, काकालाच लिहू दे ना. तुझ्या फार चुका होतात."

आईला ते फार लागलं. तरीही तिने स्वतःच लिहिलं, जीभ दातांत धरून, सावकाश.

दुसऱ्या दिवशी पुलापलीकडच्या शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी तो रकाना मोठ्याने वाचला. "तुमच्या मुलांचे कपडे कोपरावर फाटतात. माझ्या मुलीला नुसतं बसायला जमत नाही. तिचेही तिथेच फाटावेत." त्यांनी शेजारच्या खोलीतून दोन शिक्षकांना बोलावलं आणि पुन्हा वाचलं. मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

आता चुका निघणार म्हणून आईने मान खाली घातली. बिट्टीने तिच्याकडे पाहिलं, शिक्षकांकडे पाहिलं आणि ती ताडकन उभी राहिली.

"माझ्या आईने! तुमच्या अख्ख्या शाळेचे कपडे तीच नीट करते. तिला सगळं कळतं."

बाई हसल्या. वर्ग, तुकडी, पुस्तकं असं बरंच काही सांगू लागल्या. आईच्या डोक्यात त्यातलं काहीच शिरत नव्हतं. भरल्या शाळेत, चार माणसांदेखत, तिच्या लेकीने 'माझ्या आईने' असं ठणकावून सांगितलं होतं.