धक्क्याखालची पिवळी वाळू

मी एक जुना ओळंबा आहे. गवंड्याचा नव्हे, पाण्याचा. गवंड्याचा ओळंबा भिंत सरळ आहे की नाही ते सांगतो. मी बंदरात पाणी किती खोल आहे आणि तळाशी काय पसरले आहे ते सांगतो. मित्रांनो, पाण्याचा तळ सहसा कोणी पाहत नाही, म्हणून माझी कहाणीही फारशी कोणाला ठाऊक नाही.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. जुन्या नळांचे शिसे वितळवून त्याने मला ओतले. वीतभर लांब, मनगटाएवढा जाड, वजन साडेतीन किलो. डोक्याला दोर बांधायची कडी, आणि बुडाला अंगठा मावेल एवढा खळगा. तो खळगा पाहून मी खट्टू झालो होतो. मला वाटले, ओतताना खोट राहिली. पण ओतारी म्हणाला, "अरे, या खळग्यासाठीच तर तुझी किंमत!" त्या खळग्यात चरबी भरतात. मी तळाला टेकलो की तिथला चिखल, वाळू, शिंपल्यांचा चुरा चरबीला चिकटतो आणि माझ्याबरोबर वर येतो.

मी ज्यांच्या हातात पडलो ते बंदराच्या कचेरीत खोली मोजण्याचे काम करत. सगळे त्यांना खोलीकाका म्हणत. त्यांनी माझ्या दोराला दर वावेला एक खूण बांधली. दोन्ही हात पसरले की एक वाव होते. मग एके सकाळी त्यांनी मला होडीतून पाण्यात सोडले.

ती पहिली बुडी मी कधीच विसरणार नाही. वरचा उजेड हिरवा झाला, मग तपकिरी झाला, मग उरलाच नाही. मी खाली खाली जात होतो आणि तळ येत नव्हता. दोर तुटला तर? चिखलाने गिळले तर? शेवटी काहीतरी मऊ, थंडगार अंगाला लागले आणि भीतीने माझे शिसे गोठले. तेवढ्यात दोराला हलका हिसका बसला. काका वर विचारत होते, टेकलास ना? त्या एका हिसक्याच्या भरवशावर मी पुढची तीस वर्षे काढली.

हळूहळू मला तळाची ओळख झाली. बंदराच्या तोंडाशी काळी बारीक वाळू होती, शिंपल्यांच्या चुऱ्यासकट. मध्यभागी लोण्यासारखा मऊ गाळ होता. जुन्या धक्क्याच्या पायथ्याशी निळसर चिकणमाती होती, इतकी घट्ट की तिच्यावर आदळलो की माझ्याच अंगात झिणझिण्या येत. काका चरबीवरचा कण बोटांत चोळत आणि सरळ दाताखाली धरत. करकरला तर वाळू, नाही तर गाळ. काकू त्यांना म्हणत, "घरी जेवायला येता कशाला? तिकडेच समुद्र खाऊन पोट भरत जा की!"

मग यंत्र आले. होडीच्या बुडाला बसवलेला तो डबा पाण्यात आवाज सोडी, तळावरून परत आलेला आवाज ऐके आणि पडद्यावर खोलीची रेघ काढी. हजार बुड्यांचे काम तो एका फेरीत करी. त्याचा राग कसा येईल? तो हुशारच होता. पण काका निवृत्त झाले आणि माझी रवानगी नकाशांच्या खोलीत झाली. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मला दाराला लावून ठेवीत. अकरा वर्षे मी दाराचा दगड झालो. येणारे-जाणारे ठेचकाळत आणि मला शिव्या घालत.

त्याच कचेरीत काकांची सून नोकरीला लागली. ती भूगर्भशास्त्र शिकलेली. बंदराच्या तळात लांब नळ्या खुपसून ती मातीचे थर वर काढी आणि टेबलावर ओळीने मांडून ठेवी. हमाल तिला मातीवाल्या बाई म्हणत. वर आजचा काळा गाळ, त्याखाली निळी चिकणमाती, त्याखाली शिंपल्यांचा पट्टा, आणि सर्वांत खाली गोल गोटे. एकदा ती हमालांना सांगत होती, "समुद्र पूर्वी मागे होता. इथून नदी वाहायची, हे तिचे गोटे." मी दाराशी बसून ऐकत असे.

एके दिवशी ती यंत्राचा नकाशा पुन्हा पुन्हा जुन्या नकाशाशी ताडून पाहू लागली. जुन्या धक्क्याला आता मोठ्या प्रवासी बोटी लागत होत्या. त्यांचे पंखे भिंतीच्या अगदी जवळ गरगरत. नकाशा सांगत होता की भिंतीच्या पायथ्याशी वर्षभरात खोली एका वावेने वाढली आहे.

धक्क्याचे मोठे साहेब खूष होते. "गाळ आपोआप साफ होतोय. चांगलंच आहे की!"

"साहेब, तिथे गाळ नव्हता. चिकणमाती होती," ती म्हणाली. "ती गेली कुठे? आणि तिच्या जागी आता काय आहे, ते यंत्र सांगत नाही. माझी नळीची बोट दुरुस्तीला गेलीय, नाहीतर आजच पाहिलं असतं."

संध्याकाळी तिने मला उचलून घरी नेले. काकांनी मला हातात घेतले. त्यांचे हात आता सुरकुतले होते, पण धरण्याची पद्धत तीच होती.

"बाबा, एक फेरी माराल माझ्याबरोबर?"

"सत्तरी उलटली माझी, सूनबाई," काका म्हणाले आणि दुसऱ्या सकाळी सर्वांच्या आधी चपला घालून दारात उभे राहिले.

भरतीची वेळ होती. होडी भिंतीला लावून काकांनी मला सोडले. अकरा वर्षांनी मी पुन्हा त्या अंधारात उतरत होतो आणि मनातून पार हादरलो होतो. घट्ट चिकणमातीची वाट पाहत होतो, पण ती आलीच नाही. मी सैल, भुसभुशीत कशावर तरी टेकलो आणि तिरका घसरलो. पाणी मला आडवे ओढू लागले, भिंतीकडे, भिंतीच्या खाली! तिथे बीळ होते. मित्रांनो, बीळ म्हणजे उंदराचे नव्हे, माणूस रांगत जाईल एवढे. मी अर्धा आत गेलो. भिंतीच्या पोटातला काळोख मी डोळ्यांनी पाहिला. काकांनी दोर खेचला, मी सुटलो नाही. दुसऱ्यांदा खेचला, तेव्हा दगडाला घासत कसाबसा बाहेर आलो.

वर येताच दोघांनी माझे बूड पाहिले. चरबीत पिवळी, जाडसर वाळू रुतली होती, आणि एक विटेचा कण. काकांनी चिमूटभर दाताखाली धरली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ही समुद्राची नाही."

"मग?"

"नदीची आहे. मी उमेदवारी करत होतो तेव्हा ही भिंत बांधली. भिंतीच्या मागे भर घातली ती हीच, विटांच्या तुकड्यांसकट. त्या भरीवर फरशी, फरशीवर प्रतीक्षालय."

सूनबाई हळूच म्हणाली, "म्हणजे भर भिंतीखालून बाहेर येतेय."

"कधीची येत असणार. दर ओहोटीला पाणी मागे सरतं आणि मूठ मूठ वाळू घेऊन जातं."

दोघांनी मान वर केली. धक्क्यावरच्या प्रतीक्षालयात दीडशे माणसे बाकांवर बसली होती. कोणी पेपर वाचत होते. एक बाई मुलाचे नाक पुसत होती.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी वाळू पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "काका, पलीकडच्या बेटावर दवाखाना नाही. बोट थांबवली तर आजाऱ्यांनी पोहत यायचं का? चिमूटभर वाळूवरून धक्का बंद कसा करू? वर एक तडा तरी दाखवा."

सगळे प्रतीक्षालयात गेले, पण तडा नव्हताच. फरशी गुळगुळीत होती. तेवढ्यात प्रतीक्षालयात चहा विकणारी मावशी कपबशा आवरता आवरता म्हणाली, "तडा नाही हो साहेब, पण एक गंमत आहे. मी रोज फरशी धुते. आधी दाराशी तळं साचायचं, झाडूनं लोटावं लागायचं. हल्ली पाणी जातं कुठे तेच कळत नाही. बरंय म्हणा, माझं काम वाचतं."

काका गुडघे टेकून बसले आणि मला फरशीवर आपटू लागले. ठक्. ठक्. ठक्. तिकिटाच्या खिडकीपाशी आवाज बदलला. ढप्प. तो आवाज माझ्या अंगातूनच निघाला होता.

साहेबांनी पहार मागवली. एका हमालाने सांध्यातून एक फरशी उचकटली. खालचा पातळ थर पहारेच्या एका टोल्याने खाली गेला, आणि तो पडल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला. भोकातून खाऱ्या पाण्याचा थंड वास वर आला. काकांनी मला आत सोडले. आजवर मी होडीतून उतरलो होतो. आता मी एका कोरड्या खोलीच्या जमिनीतून उतरत होतो. वर माणसांची पावले वाजत होती, आणि सगळ्या बाजूंनी वाळू बारीक आवाज करत घसरत होती. एक वाव. दोन वाव. अडीच वावेवर पाणी लागले. तीन वावेवर मी टेकलो.

"किती?" साहेबांनी विचारले.

"तीन वाव. आणि दुपारची ओहोटी पूर्ण व्हायला अजून तास आहे."

साहेबांनी एक क्षणही वाया घालवला नाही. येणारी बोट त्यांनी मासळीच्या धक्क्याकडे वळवायला सांगितली. काका दारात उभे राहून सांगत होते, "पळू नका! पाय आपटू नका! खोलीच्या भिंतीच्या कडेकडेने, एकामागे एक!" माणसे कुरकुरत उठली, मग एकमेकांचे चेहरे पाहून रांगेला लागली. दीडशे माणसे बोटांवर चालल्यासारखी बाहेर पडत होती. मला वर ओढून घेतले होते, तरी खाली काय चालले आहे ते मला कळत होते. घसरण वाढली होती.

सगळे बाहेर आले असे वाटले, तोच मावशी पुटपुटली, "अगं बाई, गॅस चालूच राहिला!" आणि कोणी अडवायच्या आत ती आत गेली.

सूनबाईने दोराचे मोकळे टोक कमरेला बांधले. "बाबा, मी हलकी आहे. तुम्ही धरा."

बाहेर पक्क्या खडकावर दगडी खांबांचे लोखंडी फाटक होते. काकांनी मला त्याच्या दोन गजांमधून पलीकडे काढले आणि आडवा अडकवला. मग साहेब, दोन हमाल आणि ते स्वतः दोर धरून उभे राहिले. माझ्या एका बाजूला खडक होता, दुसऱ्या टोकाला त्या घरची लेक म्हणावी अशी सून. मी शिशाचा, मित्रांनो. शिसे मऊ असते. नखाने ओरखडा उठतो. मी टिकेन का, हे मलाच माहीत नव्हते.

ती मावशीला दंडाला धरून आणत होती. दार दोन पावलांवर असताना फरशी कुरकुरली. तिने मावशीला पुढे ढकलले. मावशी उंबऱ्याबाहेर पडली आणि मागची सगळी जमीन एकदम खाली बसली.

दोर ताणला गेला. हमालांचे पाय घसरले, दोर काकांच्या तळहातांची साले काढत सुटला, आणि तो सगळा भार माझ्यावर आला. गज माझ्या अंगात रुतले. मी वाकलो, आणखी वाकलो. "धर रे!" काका ओरडले. ते कोणाला म्हणाले मला ठाऊक नाही, पण मी धरले. हमाल उठले, साहेबांनी कोट फेकला, आणि हातभर हातभर करत त्यांनी तिला वर ओढले. खांदा निखळला होता, तोंडात पिवळी वाळू होती, पण श्वास चालू होता.

थोड्याच वेळात ओहोटी पूर्ण झाली. भिंत पुढे कलली आणि प्रतीक्षालय, तिकिटाची खिडकी, रिकामे बाक, सगळे पाण्यात गेले. धुरळा बसल्यावर लोक बराच वेळ नुसते आपल्या पायांखाली बघत उभे होते. मावशी जमिनीवर बसून सूनबाईचे पाय दाबत राहिली आणि रडत राहिली.

नवी भिंत बांधली तेव्हा तिच्या पायथ्याशी मोठाल्या दगडांचा थर घातला, पंख्यांच्या पाण्याने तळ खरवडला जाऊ नये म्हणून. साहेबांनी स्वतः हुकूम काढला की यंत्र खोली मोजेल, पण दर महिन्याला तळाची चिमूटही वर आलीच पाहिजे. मला सरळ करून देतो असे एक ओतारी म्हणाला होता. सूनबाईने नकार दिला. मी वाकडाच आहे आणि पाण्यात जरा तिरका जातो.

मित्रांनो, पायाखालची जमीन बोलत नाही. ती पोकळ होते तेव्हाही वरून गुळगुळीतच दिसते. तिच्यावर लक्ष ठेवणारा कोणी चिमूटभर वाळू घेऊन तुमच्या दारात आला, तर त्याला हसू नका. त्याची भीती आधी ऐकून घ्या, तडा मागाहून शोधा. आणि तुमची एखादी जुनी वस्तू दाराशी पडलेली असेल तर तिला अधूनमधून उचलून बघा.

उद्या सकाळी ओहोटीच्या वेळी मला पुन्हा उतरायचे आहे. काका आता होडीत येत नाहीत. त्यांच्या तळहातांत मूठ वळायची ताकद उरली नाही. ते काठावर खुर्ची टाकून बसतात, आणि मी वर येईपर्यंत दोरावरून नजर हटवत नाहीत.